तुरटाला तुरट म्हणा

मद्यत्याग आमच्या मूलगुणांतला. मग जैन बाईनं फ्रेंच वाइनच्या चवीवर का बोलावं? विचारा खुशाल. मी पिण्यावर बोलत नाहीये, शब्दांवर बोलतेय.

फ्रेंच माणसानं वाइनचं वर्णन करताना आपल्या परसातलंच उचललं. लाल वाइनीत त्याला कासिसची काळी फळं सापडली. सोव्हिन्याँ ब्लाँमध्ये कुंपणाचा पाला, आणि न लाजता मांजरीचं मूतसुद्धा! लुआरकाठच्या पुयी-फ्युमेला तो बंदुकीच्या चकमकीची उपमा देतो. हे सगळं त्याच्या नाकाखालचं होतं.

आपण काय करतो? त्याची यादी उतरवून घेतो. त्याच सोव्हिन्याँला इंग्रज गूजबेरी म्हणतो, की आपण लगेच आवळा लिहून मोकळे. युरोपातली गूजबेरी आवळ्याच्या कुळातलीसुद्धा नाही! द्राक्षं नाशिकची, जीभ आपली आणि शब्द तेवढे उसने. अन् चकमक आम्हाला बाहेरून का शिकावी लागावी? महादजी शिंद्यांच्या ज्या पलटणींना डी बॉइननं कवायत शिकवली, त्यांना कंपूच म्हणत. आमच्या पत्त्यातच बंदूक आहे.

कुणी म्हणेल, हे सारं थोतांडच. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला: पांढऱ्या वाइनीत बिनवासाचा लाल रंग घातला, तर ५४ जणांनी तिला लाल वाइनचे शब्द लावले. खरंय. पण त्यातून शब्द खोटे ठरत नाहीत. डोळा जिभेच्या पुढे धावतो, एवढंच ठरतं. शिकलेली जीभ रंगाला फसते, तर उसनी जीभ लेबललाच फसणार.

आणि आपल्याकडे शब्दांची वानवा आहे का? तत्त्वार्थसूत्रावरच्या टीका पुद्गलाचे पाच रस आणि आठ स्पर्श मोजतात. लाल वाइनमधलं टॅनिन तोंड आवळतं, जीभ कोरडी करतं. त्याला कषाय हा रसही आहे आणि रूक्ष हा स्पर्शही. घरगुती बोलीत तुरट म्हणा. जांभूळ, बाभळीचं दातण, कच्चं केळं, हिरडा. चारही तुरट, पण एकाची चव दुसऱ्याला नाही. रसपरित्याग हे आमच्याकडे तप आहे. ज्याला रस ओळखूच येत नाही, तो सोडणार तरी काय?

माझं दुखणं वाइनच्या पेल्यापुरतं नाही. कंपूतल्या मराठी घरांत बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. मराठीला उरलंय ते स्वयंपाकघर. तिथंही आता आमटी टेस्टी, लोणचं टेस्टी, आंबाही टेस्टी. खवट, कुबट, उग्र, मचूळ, खमंग हे शब्द पोरांच्या तोंडून गेले, की उद्या त्यांना बिघडलेलं तेलही सांगता यायचं नाही.

वाइन प्यायची तर प्या, नाही तर सोडा. ते ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. पण पोरानं ताटावर ‘टेस्टी’ म्हटलं, की पुढचा घास वाढण्याआधी विचारा: म्हणजे कसं?