माहेरी परतलेल्या लेकीचा आरोग्य विमा

घटस्फोटात पोटगी, घर, मुलांचा ताबा यांचा हिशेब होतो. आरोग्य विम्याचा क्वचितच. अलिबाग-मुरूड पट्ट्यात पन्नाशीची लेक माहेरी परतते, तेव्हा तिच्या मधुमेहाची काळजी सत्तरीच्या आईवडिलांवर येते. पतीच्या कौटुंबिक पॉलिसीतून तिचे नाव बहुधा पुढच्या नूतनीकरणाला वगळले जाते.

मुले दोघांचीच राहतात. त्यांचा हप्ता कोण भरणार, हे संमतीपत्रातच लिहून घ्यावे आणि विमाकार्डाची प्रत मूल जिथे राहणार तिथे असावी. ताप मध्यरात्री चढतो. तेव्हा माजी जावयाला दूरध्वनी करणे कोणालाच रुचत नाही.

खरा पेच जुन्या आजाराचा. नव्या पॉलिसीत त्यासाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. त्याच कंपनीत स्वतंत्र पॉलिसीवर स्थलांतर केल्यास आधी पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ जमेस धरतात. खंड पडल्यास ही जमा बुडते. हिंदू विवाह कायद्याखालील परस्परसंमतीच्या घटस्फोटात दोन टप्प्यांमध्ये साधारणतः 6 महिने असतात. त्याच अवधीत कंपनीला लेखी विचारावे. कंपनीच बदलायची असल्यास नूतनीकरणाच्या निदान 45 दिवस आधी अर्ज करावा. अर्जात मधुमेह लपवू नये.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शिधापत्रिका पाहतात. म्हणून लेकीचे नाव सासरच्या पत्रिकेतून काढून माहेरच्या पत्रिकेत चढवावे. वडील केंद्र सरकारी आरोग्य योजनेचे निवृत्त लाभार्थी असतील, तर त्यांच्यावर अवलंबून असलेल्या घटस्फोटित मुलीस त्या योजनेत वयोमर्यादा नाही. सत्तरीनंतरचे आयुष्मान कार्ड मात्र ज्येष्ठांपुरतेच असते. त्यावर लेकीचा उपचार होत नाही.