पहिल्या खेळीचा मान

बुद्धिबळाच्या स्पर्धेत एकाच डावावर निकाल लावावा आणि पांढरी मोहरी हुद्द्याने मोठा असेल त्यास द्यावीत, ही रीत काही मंडळांत सौजन्य म्हणून मिरवते. आम्ही तिला पक्षपात म्हणतो. ‘खरा खेळाडू काळ्या मोहऱ्यांनीही जिंकतो’, असे उत्तर मिळते. जिंकतोही, पण प्रश्न पराक्रमाचा नसून समान संधीचा आहे. बरोबरीचा अर्धा गुण धरला तर नामवंतांच्या असंख्य डावांत पांढऱ्यांकडे शेकडा सुमारे ५५ गुण गेलेले दिसतात. जपानी ‘गो’ खेळात मागून खेळणाऱ्यास साडेसहा गुणांची भरपाई नियमानेच मिळते. भावांच्या वाटणीत एकाने वाटे पाडावेत व दुसऱ्याने आधी उचलावा, हा न्याय तर आपल्या घरचाच.

महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली याच बंगळुरात झाली आणि ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. येथील मराठी मंडळींनी तरी प्रत्येक जोडीस मोहरी बदलून दोन डाव द्यावेत. वेळ अपुरा असेल तर चिठ्ठी टाकावी; हुद्दा कचेरीतच ठेवून यावा.