शुक्रवारीच भाजून ठेवा
शनिवार-रविवारी लग्न, जावळ आणि पाहुणे एकदम दारात येणार असतील, तर मादन हिप्परग्याकडची, म्हणजे आळंद तालुक्यातली, जुनी तोड आहे: कडक भाकरी. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून पीठ कढत पाण्यातच मळायचं. गार पाण्यानं भाकरी थापतानाच चिरते. पातळ थापायची, वर तीळ दाबायचे आणि मंद आचेवर ओल पार जाईपर्यंत शेकायची. ओल गेली की बुरशीला थारा नाही, आठवडाभर सहज टिकते. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, कांदा. आणि मोडताना कडकन वाजली नाही, तर पुन्हा तव्यावर टाका.