दहावा माणूस

माझे बालपण बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. गोष्ट १९६०च्या दशकातली. रोज तिन्हीसांजेला आई तुळशीपाशी दिवा लावी. शुक्रवारी त्याच सुमारास शेजारच्या घरातही दिवा लागे. काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर तेल आणि तेलात वात. तो दिवा लागला, की शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत त्या घरची चूल पेटत नसे. काकांची रेल्वेतली ड्युटी शनिवारीही असे, ती काही चुकवता येत नसे. पण घरचा शनिवार काकूंनी कधी चुकू दिला नाही.

काकू साडी नेसत, मंगळसूत्र घालत आणि अलिबागकडची मराठी बोलत. आडनावाच्या शेवटी आपल्यासारखेच ‘कर’. हे लोक ज्यू आहेत, हे आम्हा मुलांना फार उशिरा कळले. तोवर आमच्या लेखी ते ‘शनिवार पाळणारे काका-काकू’ होते, आणि शुक्रवारी मिळणारे काळ्या मनुकांचे सरबत हा त्यांचा धर्म होता.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळले, की हे कोकणातले बेने इस्राएली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. पोथ्या समुद्राने नेल्या. पुढच्या पिढ्या कोकणात तेलाचे घाणे चालवू लागल्या. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. हिब्रू भाषा विसरली गेली. लक्षात राहिले ते ‘शेमा’ प्रार्थनेचे शब्द, मुलाची सुंता, सणावारांचे उपास आणि स्वयंपाकघरातले विधिनिषेध.

या समाजात रब्बी नव्हता. रब्बी म्हणजे ज्यूंचा धर्मशास्त्र जाणणारा गुरू. लग्न लावायला, तंटे सोडवायला इथे ‘काजी’ आणि ‘मुकादम’ असत. मग धर्म टिकला कसा? त्यांच्यात एक कथा आहे. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू प्रवासी कोकणात आला. हे लोक खरेच ज्यू आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले. खवले आणि पर असलेले मासे बायकांनी शिजवायला घेतले, बाकीचे बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. ज्या परीक्षेत पोथी कामी आली नसती, त्या परीक्षेत पाटा-वरवंट्यापाशी बसणारी बाई उत्तीर्ण झाली!

मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनालय इंग्रजी फौजेतले अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारले. तेव्हा कुठे समाजाला एकत्र बसायला हक्काची जागा मिळाली. एकोणिसाव्या शतकात जोसेफ एझिकेल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. बेने इस्राएलींनी बायबलमधल्या कथांवर चक्क मराठी कीर्तनेही केली.

पण घर कितीही पक्के असले तरी काही गोष्टी एकट्या घराच्या हातात नसतात. ते आम्हाला काकांचे वडील वारले तेव्हा दिसले. मृतासाठी म्हणायची ‘कद्दिश’ ही प्रार्थना मुलाने एकट्याने म्हणून चालत नाही. धर्माच्या मोजणीतले किमान दहा ज्यू पुरुष हजर लागतात. बडनेऱ्यात दहा सोडा, दुसरे ज्यू घरही नव्हते. माझे वडील अंगणातून म्हणाले, “भाऊ, एखादा माणूस कमी पडत असन तं म्या येतो ना उभा राहाले.” काकांचे डोळे भरून आले. म्हणाले, “दादा, मोजणीत तुम्ही बसत नाही. पण या, सोबत बसा.” त्या रात्री वडील त्यांच्या ओट्यावर उशिरापर्यंत बसले. पुढे वर्षश्राद्धाच्या वेळी काका रजा काढून रात्रीच्या मेलने मुंबईला गेले आणि दहा माणसांत उभे राहून प्रार्थना म्हणून आले.

त्या दहांत बायका धरल्या जात नसत. दोन हजार वर्षे धर्म ज्यांच्या हातांनी राखला, त्या मोजणीबाहेर! हा अन्याय एकट्या ज्यूंचाच आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडे कुळाचार कोण सांभाळते आणि संकल्प कोणाच्या नावाने सुटतो, हे आपणच पाहावे.

पुढे काका-काकू इस्राएलला गेले. तिथे या समाजापुढे वेगळीच परीक्षा होती. १९६२ मध्ये तिथल्या रब्बींनी, लग्न लावण्याआधी बेने इस्राएलींच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात, असा आदेश काढला. ज्यांनी रब्बीवाचून धर्म राखला, त्यांच्याकडेच रब्बी दाखला मागू लागले. लोकांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने, हे सर्वार्थाने ज्यूच आहेत, असा ठराव केला आणि रब्बींनाही आदेश बदलावा लागला.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्राएली वीस हजारांच्या आसपास होते. आज इथले सारे ज्यू मिळून पाच हजारांच्या घरात आहेत. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातल्या जुन्या प्रार्थनालयांच्या भिंती शाबूत आहेत. पण तिथे दहा माणसे जमणे अवघड झाले आहे.

हे सारे आज आठवायला कारण आहे. आता मी अकोल्यात राहतो. आमच्या गल्लीत पूर्वी तीस-चाळीस माणसे हरिपाठाला बसत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून सामुदायिक प्रार्थनेचा वसा दिला, तो आमच्या वऱ्हाडाने गावोगाव घेतला. आज हरिपाठाला आम्ही सहा-सात म्हातारे असतो. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला. त्यांना दोष कसा देणार? काकाही पोटासाठी कोकणातून बडनेऱ्याला आलेच होते की! दूर जाऊनही त्यांनी शुक्रवारचा दिवा सोबत नेला, आणि दहा माणसांसाठी रात्रभर प्रवास करण्याची तयारी ठेवली.

घर संस्कार देते, समाज सोबत देतो. एकाचे काम दुसऱ्याला करता येत नाही. आपल्या मुलांच्या हाती आपण दिवा दिला का, हा पहिला प्रश्न. आणि शेजारच्या दुःखात नववा, दहावा माणूस म्हणून आपण उठून जातो का, हा दुसरा. वडील त्या रात्री मोजणीत नव्हते. तरी इस्राएलहून आलेल्या पहिल्याच पत्रात काकांनी लिहिले होते: “दादांना नमस्कार सांगा. त्या रात्री ते ओट्यावर होते.”