पाने हीच फुले

वैशाखात तिरोड्याच्या अंगणातली बहुतेक फुलझाडे माना टाकतात. फुलांवाचून रंग देणारे झाड हवे, असे वाटू लागते. चित्रांतील जांभळ्या, ताम्रवर्णी, लिंबू रंगाच्या पानांची ‘कोरल बेल्स’ अशा वेळी मोह घालतात. पण माल पाहिल्याशिवाय भांडवल घालू नये, हे व्यापारी घराला सांगावे लागत नाही.

कोरल बेल्स म्हणजे ह्युकेरा. हॉयकर या जर्मन वैद्याचे नाव मिळालेली ही वनस्पती मूळची उत्तर अमेरिकेची. बर्फाची थंडी ती सोसते. पण पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, रात्रीही गारवा मिळाला नाही, की ती खचते. त्यातून वाचली तरी पावसाळ्यात तिचा बुंधा कुजतो. पूर्व विदर्भात तिच्यासाठी पैसे घालणे शहाणपणाचे नाही.

तोच रंग देणारे कोलियस मात्र या हवेत रमते. ते तुळशीच्या कुळातले. खोड हाताळल्यास त्याचा चौकोनी आकार लगेच जाणवतो. त्याची लागवड पावसाच्या आरंभी करावी. दोन भाग माती, एक भाग मुरलेले शेणखत आणि एक भाग धानाचे जळके तूस असे मिश्रण घ्यावे. तूस परिसरातल्या राईस मिलमध्ये सहज मिळते. त्याने माती मोकळी राहते आणि पाणी साचत नाही. कुंडीच्या तळाला छिद्र हवेच.

सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन पुरते. ऊन जास्त झाले तर रंग विटतो आणि फारच कमी पडले तर फांद्या लांबट होतात. शेंडे खुडत राहावे. फुलोऱ्याचे तुरेही खुडावे, म्हणजे झाडाचा जोर पानांत राहतो. पिठ्या ढेकणाचा जीव घेणारी फवारणी करण्याची वेळच येऊ नये, यासाठी कुंड्यांत अंतर ठेवून वारा खेळता ठेवावा आणि खत बेताने द्यावे.

खरी कसोटी उन्हाळ्याची. जुने झाड दगावण्याची शक्यता धरून फेब्रुवारीतच चार इंचांच्या फांद्या कापाव्यात, खालची पाने काढून त्या पाण्यात ठेवाव्यात. आठ-पंधरा दिवसांत मुळे फुटतात. ही रोपे कुंडीत लावून उन्हाळाभर उत्तरेच्या ओसरीत, सावलीत सांभाळावीत. मृगाचा पाऊस येताच ती अंगणात न्यावीत, आणि एखादे शेजारच्या घरीही पोहोचवावे.