शब्दसामर्थ्य : दिसते तसे नसते

काही इंग्रजी शब्द ओळखीचे वाटतात आणि तिथेच फसवतात. इन्फ्लॅमेबल, एनर्व्हेट, डिसइंटरेस्टेड, नॉइसम, फुलसम. या पाच शब्दांचे अर्थ आधी कागदावर लिहा, मगच उत्तरे पाहा.

१. इन्फ्लॅमेबल : ज्वालाग्राही. इथला 'इन' नकारार्थी नाही. पेट्रोलच्या टँकरवर दिसणारा हा शब्द 'न पेटणारे' असा वाचला, तर जिवावर बेतेल. म्हणून पुष्कळ ठिकाणी आता नुसते 'फ्लॅमेबल' लिहितात. दोन्हींचा अर्थ एकच. न पेटणारे ते 'नॉनफ्लॅमेबल'.

२. एनर्व्हेट : शक्तिहीन करणे. 'एनर्जी'शी नाते नाही. उलट, वैशाखातले ऊन माणसाला एनर्व्हेट करते.

३. डिसइंटरेस्टेड : निःपक्षपाती, स्वार्थ न गुंतलेला. भाऊबंदकीच्या वादात पंच असाच हवा. ज्याला रस नाही, तो 'अनइंटरेस्टेड'.

४. नॉइसम : दुर्गंधीयुक्त, किळसवाणे. याचे नाते 'नॉइज'शी नाही, 'अनॉय'शी आहे. तुंबलेले गटार गोंगाट न करताही नॉइसम असते.

५. फुलसम : अतिरेकी, खोटी वाटावी अशी (स्तुती). काही जण 'भरभरून' या चांगल्या अर्थानेही वापरतात. तेव्हा साहेबांना आभाराचे पत्र लिहिताना हा शब्द टाळलेलाच बरा.

तुमचे गुण
पाच बरोबर : उत्तम.
तीन किंवा चार : चांगले.
त्याहून कमी : शब्दकोश हाताशी ठेवा. अनोळखी शब्द आपण शोधतोच. ओळखीचा वाटणाराही एकदा पडताळून पाहा.