बंदी धबधब्यावर, फटका दोरवाल्यांना

जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि गोवा वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर प्रवेशबंदी घातली. पुढच्याच रविवारी दूधसागरला रेल्वे पोलिसांनी पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्या! या गर्दीच्या नावाने दोर-हेल्मेट घेऊन धबधब्यातून उतरणारे कॅनियनिंगवालेही भरडले जातात. त्यांचा खरा हंगाम पाणी ओसरल्यावरचा, पण हे वनखात्याला सांगणार कोण? महाराष्ट्रात गिर्यारोहण महासंघ तरी आहे. आमच्याकडे दरी एका राज्यात, वाट दुसऱ्यात आणि पोरं बेळगाव, फोंडा, कोल्हापूरची. ओळखीवर मिळालेली परवानगी साहेबांची बदली झाली की संपते. तिन्ही राज्यांतल्या स्वयंसेवकांची एक नोंदणीकृत संस्था हवीच. मात्र नुसत्या निवेदनाने भागणार नाही. उतरणाऱ्यांची यादी, पाणी वाढलं तर माघारीचा नियम आणि कुणी अडकलं तर दोर घेऊन धावणारी माणसं, एवढं आधी दाखवावं लागेल.